ब्रोकर नेमका कोणाचा माणूस?

दलालीचा एक टक्का फार वाटत नाही, चेक लिहायची वेळ येईपर्यंत! तो कोणी द्यायचा, विकणाऱ्याने की घेणाऱ्याने, यावर अमेरिकेत मोठी कोर्टबाजी झाली. आम्हाला त्याचं उत्तर मिळालं ते भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळमध्ये, एका कवेलूच्या घराच्या सपरीत.

सीन तुमच्याही ओळखीचा असेल. रविवारची सकाळ. हातात चाव्यांचा जुडगा घेऊन ब्रोकर गेटवर उभा. 'मॅडम, व्हेंटिलेशन बघा, क्रॉस व्हेंटिलेशन!' तिसऱ्या फ्लॅटपर्यंत आपली त्याच्याशी दोस्ती होते. लिफ्टमध्ये तो अगदी सहज विचारतो, 'तसं बजेट किती धरलंय?' आणि आपण भाबडेपणाने खरा आकडा सांगून मोकळे होतो. कारण हा आपलाच माणूस ना! आपल्याला घरं दाखवतोय, आपल्यासाठी उन्हातान्हात फिरतोय. मग टोकन, अ‍ॅग्रीमेंट, बँकेच्या चकरा आणि शेवटी रजिस्ट्रीच्या दिवशी तो कानाशी येऊन म्हणतो, 'आपलं ते एक टक्का बघून घ्या.' तेवढंच वाक्य पाच मिनिटांपूर्वी तो विकणाऱ्याच्याही कानात बोलून आलेला असतो.

आता सांगा, हा कोणाचा माणूस?

गेल्या वर्षी आमच्या घरात ही गोष्ट दोन्ही टोकांनी घडली. एक घर विकलं, एक घेतलं. विकलं ते अड्याळचं, घेतलं ते नागपूरला.

अड्याळ म्हणजे पवनी तालुक्यातलं, भंडारा-पवनी रस्त्यावरचं मोठं गाव. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. आजोबांनी बांधलेलं मातीच्या भिंतींचं घर, पुढे सपरी, मागे सांदवाडी, तिथे एक लिंबाचं झाड. रिटायर झाल्यावर बाबांना तिथून हलायचंच नव्हतं. पण गुडघे आणि बीपी यांना हे कळत नाही. दर पंधरा दिवसांनी नागपूरच्या डॉक्टरकडे जाण्या-येण्यात आईच जास्त दमायला लागली, तेव्हा ठरलं. घर विकायचं, त्यात बाबांचा फंड आणि माझं कर्ज घालून आमच्या जवळपास एक टू-बीएचके घ्यायचा.

घर विकायचं म्हणताच जवळच्याच गावातलं एक कुटुंब पुढे आलं. ते स्वतः आले नाहीत, आधी त्यांनी एक माणूस पाठवला. पन्नाशीचा, पायजमा आणि पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. त्याने काही वर्षं दस्त लिहिणाऱ्यांकडे काम केलेलं. सपरीत बसून, पाणी पिण्याआधीच तो म्हणाला, 'गुरुजी, आधीच सांगून ठेवतो. मी घेनाऱ्याकडचा मानूस आहो. माझी मजुरी तो देनार आहे. तुमच्याकडून मी एक पैसा घेनार नाई. म्हनून घराचे दोष काढीन, राग मानू नका जी.'

बाबांना राग आलाच. आयुष्यभर मुलांच्या वह्यांमधले दोष काढलेला माणूस, त्याच्या वडिलांच्या घराचे दोष कोणीतरी तिऱ्हाईत काढणार! आणि त्या गृहस्थाने खरंच काढले. फाट्यांवर काठी आपटून कुठे वाळवी लागलीय ते दाखवलं. शेजाऱ्याच्या छपराचं पाणी आमच्या सांदवाडीत पडतं, हे आम्ही कधी मनावर न घेतलेलं त्याने लिहून घेतलं. टेप घेऊन लांबी-रुंदी मोजली, ती कागदावरच्या आकड्याशी जुळली नाही. मग म्हणाला, 'नमुना आठ हे मालकीचं कागद नोहे गुरुजी, ते टॅक्सचं कागद आहे.' हेही अगदी खरं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ कराच्या आकारणीसाठी असतो, तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही.

आणि मग त्याने हुकमाचं पान काढलं. घर आजोबांचं, तर आत्यांचं काय? २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा वडिलोपार्जित मालमत्तेतला हक्क मुलांच्या बरोबरीचा झाला, हे आम्हा शहरातल्यांना पेपरात वाचून माहीत. तो तिथे बसून सांगत होता की दोन्ही आत्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाल्याशिवाय त्याचा माणूस इसार देणार नाही. एक आत्या साकोलीला, दुसरी गोंदियाला. दोघींनी सही करायला आनंदाने होकार दिला. पण त्यासाठी महिना गेला, आणि धाकट्या आत्याने त्यानिमित्ताने पंचवीस वर्षांपूर्वीचं एक दुखणंही काढलं. ते इथे लिहीत नाही.

बाबांनी दुसऱ्याच दिवशी ठरवलं, 'त्याचा माणूस आहे, तर माझाही पाहिजे.' आमचे एक चुलत काका तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले. ते आले, कागद मांडीवर घेऊन बसले आणि दोन माणसांची जुंपली. वाळवी विरुद्ध लिंबाचं झाड! पडकी भिंत विरुद्ध रस्त्याला लागून असलेली जागा! मागितले होते नऊ लाख, सुटलं आठ लाख चाळीस हजारांत. समोरच्या माणसाची मजुरी वीस हजार, ठोक. घर नऊला गेलं असतं तरी वीस आणि आठला गेलं असतं तरी वीसच. चुलत काकांनी पैसे घेतले नाहीत, वडाभाताचं जेवण मात्र दोनदा घेतलं.

बाबांचे साठ हजार कमी झाले. पण एकदाही आमच्यापैकी कोणाला फसवलं गेल्यासारखं वाटलं नाही. समोर कोण बसलंय आणि ते कोणासाठी बोलतंय, हे पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.

आता नागपूर!

इथे आम्ही घेणारे. रीसेलचा फ्लॅट, सांगितलेली किंमत अठ्ठेचाळीस लाख. आम्हाला पंचेचाळीसला हवा होता. ब्रोकर एकच, दोघांचा मिळून. अतिशय गोड माणूस, हे मुद्दाम सांगते. लिफ्टमधल्या त्या सहज प्रश्नाला मी सहज उत्तर दिलं होतं, 'अगदीच झालं तर सत्तेचाळीस.' तीन आठवडे घासाघीस झाली. विकणारे काका काही केल्या सत्तेचाळीसच्या खाली येईनात. शेवटी सत्तेचाळीसलाच झालं.

रजिस्ट्रीच्या दिवशी नंबर लागायला दोन तास होते. चहा घेताना ते काका मोकळेपणाने म्हणाले, 'मी तर शेहेचाळीसला पण दिला असता बेटा. पण तो म्हणाला, पार्टी सत्तेचाळीसपर्यंत जाते, घाई करू नका.' चहा घशात अडकणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

यात त्या ब्रोकरला शिव्या घालून उपयोग नाही. जरा त्याच्या जागी बसून हिशोब करा. सौदा सत्तेचाळीसला झाला, तर दोन्हीकडून एकेक टक्का, म्हणजे ९४ हजार. पंचेचाळीसला झाला असता तर ९० हजार. आमच्यासाठी जो दोन लाखांचा प्रश्न, तो त्याच्यासाठी चार हजारांचा, आणि तोही आमच्या उलट दिशेने! त्याला खरी चिंता एकच, सौदा मोडू नये. मग विकणाऱ्याचं टोक आणि घेणाऱ्याचं टोक जिथे जुळतं तिथे तो गाठ मारणार. त्याने विकणाऱ्यासाठी तरी जीव टाकला असेल असं समजू नका. अमेरिकेत स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातल्या घरविक्रीचा अभ्यास केला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एजंट स्वतःचं घर विकतात तेव्हा ते सुमारे साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि जवळपास पावणेचार टक्के जास्त किंमत मिळवतात. गिऱ्हाइकाचं घर असलं की, 'आलेली ऑफर सोडू नका!'

अडत कोणी द्यायची?

हे सगळं ऐकून बाबा म्हणाले, 'हे तर बाजार समितीसारखंच झालं.' आणि मला तो वाद आठवला. भाजी-फळं विकायला आणलेल्या शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत्या आपली अडत कापून घ्यायचा. डिसेंबर २०१४ मध्ये राज्याच्या पणन संचालकांनी आदेश काढला की अडत शेतकऱ्याकडून नको, खरेदीदाराकडून घ्या. व्यापारी बिथरले, आदेशाला स्थगिती मिळाली. जुलै २०१६ मध्ये सरकारने अध्यादेशच काढला. फळं-भाजीपाला नियमनमुक्त आणि अडत खरेदीदाराच्या माथी. पुन्हा बंद, पुन्हा लिलाव ठप्प.

आता गंमत बघा. अडत खरेदीदाराने द्यायची ठरली, तर बोली लावताना तो ती मनातल्या मनात वजा करणारच. उलट विकणारा देणार असेल, तर तो भाव तेवढा चढवून सांगणार. घराचंही तेच. 'ब्रोकरेज ओनर देतोय' असं ऐकून खूश होऊ नका. त्याने ते अठ्ठेचाळीसमध्ये आधीच धरलेलं असतं. आणि बाजारात पैसे घेऊन येणारा एकच असतो, घेणारा. दोन्ही बाजूंची दलाली त्याच्याच पैशातून जाते, नाव कोणाचंही असो.

नव्या स्कीममध्ये तर हे आणखी छान झाकलेलं असतं. 'झिरो ब्रोकरेज'! एजंट आपल्याला एसी गाडीतून साइटवर नेतो, कॉफी पाजतो, एक पैसा मागत नाही. त्याचं कमिशन बिल्डर देतो, 'चॅनेल पार्टनर' असं झकास नाव देऊन. म्हणजे तो बिल्डरचा माणूस. तो तुम्हाला पाच स्कीम दाखवील, पण ज्या सहाव्या स्कीमचा बिल्डर कमिशन देत नाही, ती तुमच्यासाठी कितीही चांगली असली तरी तुम्हाला दिसणार नाही.

मग कोणी दिली याने काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण किमतीत कमी आणि निष्ठेत जास्त. अड्याळच्या त्या माणसाने वाळवी दाखवली, कारण त्याचे वीस हजार वाळवी शोधण्याचे होते. आमच्या नागपूरच्या ब्रोकरने लिफ्टच्या मेंटेनन्सची थकबाकी दाखवली नाही. ती आम्हाला राहायला गेल्यावर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दिसली.

न्यू जर्सीतली सही

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. फोनवर ही कथा सांगितली तर म्हणाला, 'अगं, आमच्याकडे यावरच तर खटला झाला!' तिथे वर्षानुवर्षं रीत अशी की घर विकणारा पाच-सहा टक्के कमिशन देणार आणि ते विकणाऱ्याचा एजंट व घेणाऱ्याचा एजंट वाटून घेणार. घेणाऱ्याला वाटायचं आपला एजंट फुकट. विकणाऱ्याला वाटायचं, माझ्याशी घासाघीस करायला आलेल्या माणसाचे पैसे मी का देऊ? काही विकणारे कोर्टात गेले. ३१ ऑक्टोबर २०२३ ला मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या ज्युरीने एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेवर आणि काही मोठ्या कंपन्यांवर जवळपास १७८ कोटी डॉलरची भरपाई लादली. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१.८ कोटी डॉलरवर तडजोड केली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. एजंटांच्या सामायिक यादीत घेणाऱ्याच्या एजंटचं कमिशन जाहीर करायचं नाही, आणि एजंटबरोबर घर बघायला जाण्याआधीच घेणाऱ्याने त्याच्याशी लेखी करार करायचा. त्यात फी किती, ती कशी ठरणार, हे स्पष्ट हवं.

भावाने घर बदललं तेव्हा त्याला ही सही करावी लागली. त्याला पहिल्यांदा झटकाच बसला. आतापर्यंत न दिसणारे हजारो डॉलर एकदम कागदावर दिसले. पण सही करण्याआधी त्याने घासाघीस केली आणि फी खाली आणली. दिसलं म्हणून घासाघीस झाली.

त्याच्या झटक्यात तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. घरासाठी कर्ज मिळतं, दलालीसाठी बँक कर्ज देत नाही. डाउन पेमेंट, मुद्रांक शुल्क, नोंदणी, इंटिरियर यांनी आधीच बेजार झालेल्या नवख्या जोडप्याला आणखी पन्नास हजार रोख काढणं जड जातं. विकणाऱ्याने दिली तर निदान ती किमतीत मुरते आणि किमतीबरोबर कर्जात जाते. पण मुरलेल्या पन्नास हजारांचा हिशोबही करून बघा. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी महिन्याला सुमारे ४३४ रुपये. एक पिझ्झा! वीस वर्षांत मात्र त्याचे एक लाख चार हजार होतात. वर मुद्रांक शुल्क किमतीवर टक्क्याने लागतं, म्हणून तेही थोडं वाढतं.

त्यामुळे माझं मत विचाराल तर घेणाऱ्याने आपल्या माणसाचे पैसे आपणच द्यावेत, टक्क्यात न देता ठोक द्यावेत, आणि त्याने समोरच्याकडून काही घेऊ नये. विकणाऱ्याने आपला माणूस वेगळा ठेवावा. एकालाच दोन्हीकडे ठेवायचं असेल, तर तो फक्त गाठ घालून देणारा आहे हे धरून चालावं, आणि मग पूर्ण टक्का कशाला द्यायचा, हे त्याला विचारावं. ठोक फी म्हटल्यावर काही ब्रोकर तोंड वाकडं करतील. करू देत. 'आमच्याकडे तशी पद्धत नाही' हे उत्तर मला तीन वेळा मिळालं. चौथा तयार झाला असता की नाही ते कळायच्या आत आम्हीच थकलो, हे कबूल करते.

कायदा काय म्हणतो? दलालीचा दर कायद्याने ठरवलेला नाही, ना 'रेरा'ने. २०१६ च्या या कायद्याखाली नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट विकणाऱ्या एजंटला स्वतःची नोंदणी करावी लागते, आणि 'महारेरा'ने २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. नव्या स्कीमच्या एजंटला त्याचा नोंदणी क्रमांक जरूर विचारा. पण जुन्या फ्लॅटच्या रीसेलला याचा फारसा आधार नाही. तिथे आपल्या मदतीला येतो तो १८७२ चा करार कायदा! वेगळं काही ठरलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही, असं त्याचं कलम २१९ सांगतं. आणि कलम २२० म्हणतं की ज्या कामात एजंटने गैरवागणूक केली, त्याचा मोबदला त्याला मागता येत नाही. मात्र हे सगळं तेव्हाच कामाचं, जेव्हा तो तुमचा एजंट होता हे दाखवणारा काहीतरी कागद असेल. आमच्याकडे काय होतं? अंगठ्याच्या इमोजीचे सतरा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज.

म्हणून पहिल्या व्हिजिटच्या आधी निदान एक साधा मेसेज तरी लिहून पाठवा आणि 'हो' असं उत्तर घ्या. फी किती, कधी द्यायची, समोरच्याकडून तो काही घेणार आहे का, सौदा मोडला तर काय. थकबाकी, मूळ कागद, सोसायटीची एनओसी यातलं काय तो तपासणार आणि काय तुम्ही. फी बँकेतूनच द्या, पावती घ्या. उद्या हे घर विकाल तेव्हा नफ्याचा हिशोब करताना तो कागद सीए मागेलच. आणि लिफ्टमध्ये बजेट सांगू नका!

फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर एका संध्याकाळी बाबांनी अड्याळच्या त्या माणसाला फोन लावला. घराची खबर घ्यायची होती. नव्या मालकाने फाटे बदलले, लिंबाचं झाड ठेवलंय, असं कळलं. मग मीच फोन घेऊन विचारलं, 'काका, माझ्या मैत्रिणीला इथे फ्लॅट घ्यायचाय. तिच्याकडून याल का? तुमची मजुरी ती देईल.'

पलीकडे तो हसला. 'नागपूरचं मले का समजते जी? इथं कोनाची भिंत कोनाच्या वावरात गेली, कोनाची बहीण सही देत नाई, मले सारं माहीत हाये. तिथं तर शेजारी कोन हाये, हे तुम्हालेच माहीत नाई.'

मी समोरच्या दाराकडे बघितलं. नेमप्लेटवर नाव होतं, पण ते भाडेकरूचं की मालकाचं, ते काही सांगता येईना.